तुरटीसाहेबांचं हिरवं तळं

अख्ख्या शहराला स्वच्छ पाणी पाजणाऱ्या माणसाच्या घरामागचं तळं हिरवंगार असावं, यापेक्षा मोठी चेष्टा कुठली? आमच्या साहेबांनी सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रात केली. गढूळ पाण्यात तुरटी किती सोडायची हे तेच ठरवायचे, म्हणून हाताखालची माणसं त्यांना पाठीमागे तुरटीसाहेब म्हणायची. पुढे तोंडावरही म्हणायला लागली. स्वभावालाही ते नाव शोभायचं, हे मी वेगळं सांगायला नको. निवृत्त झाल्यावरही कुणाकडे गेले की पाण्याचा पेला आधी उजेडाकडे धरणार, मग वास घेणार, मग एक घोट तोंडात घोळवणार. तोवर यजमान बिचारे घाबरून विचारतात, पाण्यात काही पडलंय का म्हणून. अशा माणसाच्या तळ्यात बोट बुडवलं तर स्वतःचं नख दिसत नव्हतं.

तळं मुळात त्यांच्या हौसेचं नव्हतंच. ते आमच्या लेकीच्या माशांसाठी खणलेलं. लेक नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा तिच्याबरोबर कपड्यांच्या बॅगा होत्या आणि झाकणांना भोकं पाडलेल्या बादल्या. बादल्यांत मासे. बरेचसे केशरी, एक काळ्या ठिपक्यांचा आणि एक पांढरी, थोराड मासोळी. तिला ती आजीबाई म्हणायची. "बाकी सगळं त्याचं होतं," लेक म्हणाली, "एवढे माझे आहेत." दुसऱ्या दिवशी साहेब कुदळ घेऊन मागच्या अंगणात खणायला लागले. पोरीशी काय बोलावं हे या माणसाला कधी सुचलेलं नाही. पण खड्डा त्यांनी इतका सुबक खणला, त्यात जाड प्लॅस्टिक इतकं नीट अंथरलं आणि कडेचे दगड असे जुळवून बसवले, की मला भरून आलं.

मला काय हवं होतं ते आधीच सांगून टाकते. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे लेक आमच्याकडेच राहायला हवी होती. तिकडे ती किती वाळली होती, बोलताना कशी दाराकडे बघत बोलायची, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. ती खोली शोधतेय असं कानावर आलं की मी तिच्या आवडीचं काहीतरी रांधायला घ्यायचे. आणि दुसरी गोष्ट, ती कायमची परत आलीय हे कुणाला कळायला नको होतं. या दोन्ही गोष्टी एका घरात कशा मावणार, हा विचार मी कधी केला नाही.

लाज वाटत होती, दुसरं काय. माझ्या जावेची मुलगी अशीच माघारी आली होती तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी बोलले होते. घरात वळण लावायला हवं, आईचं लक्ष हवं, मुलींना जरा सोसायला शिकवायला हवं. जाऊबाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं होतं. आता त्याच तोंडानं मी काय सांगणार होते?

मग मी थापा मारायला लागले. सुरुवात साधीच होती. शेजाऱ्यांना लेक दिसणारच होती, म्हणून त्यांच्यासाठी मी जावयाला कंपनीच्या कामावर दूर पाठवून दिलं. साहेबांच्या केंद्रातल्या जुन्या मंडळींना ती दिसणार नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी तिलाही त्याच्याबरोबर पाठवलं. एकदा गाडी सुरू झाली की थांबवता येत नाही. कुंपणापलीकडच्या वहिनी रोज सकाळी कपडे वाळत घालता घालता विचारायच्या, "काय म्हणतात जावई?" त्यांनी विचारलं की मला काहीतरी सांगावं लागायचं. कधी त्याला तिकडची हवा मानवत नव्हती, सारखी सर्दी. कधी त्यानं लेकीला भारी घड्याळ पाठवलं. एकदा तर मी त्याला बढती देऊन टाकली, तीही मोठ्या हुद्द्यावर. त्याच्या खऱ्या साहेबांनी ऐकलं असतं तर चक्कर येऊन पडले असते. वहिनी चिमटे तोंडात धरून मान डोलवायच्या, आणि मी अंगणातून आत यायचे तेव्हा मला जरा हलकं वाटायचं. हे सगळं लेकीला ऐकू जात असेल का, असा विचार मनात यायचा. तिची खिडकी त्याच बाजूला होती. पण ती कधी काही बोलली नाही, म्हणून मी समजून चालले की जात नसेल.

इकडे साहेबांची आणि तळ्याची लढाई चालू होती. पाणी भरलं, मासे सोडले, पंप आणि फिल्टर लावला, आणि थोड्याच दिवसांत पाणी हिरवट दिसायला लागलं. साहेब चवताळले. सगळं पाणी उपसलं, प्लॅस्टिक ब्रशनं घासलं, फिल्टरमधला स्पंज नळाखाली धरून खळखळून धुतला, ताजं पाणी भरलं. पाणी पुन्हा हिरवं झालं, आधीपेक्षा लवकर. पुन्हा उपसलं. असं होता होता ते एवढं हिरवं झालं की मासे वर आल्याशिवाय आहेत की नाहीत तेच कळेना.

"बाबा, त्याला हात लावू नका," लेक सांगायची. "नवं तळं हिरवं होतंच. माझंही झालं होतं. स्पंजवर बुळबुळ धरते ना, तीच पाणी साफ करते. तुम्ही ती दर वेळी धुऊन टाकता. आणि नवं पाणी घातलं की शेवाळाला नवं खाणं मिळतं. थोडी सावली करा, मासे उपाशी मरत नाहीत एवढंच खायला घाला आणि स्वस्थ बसा."

"बुळबुळीनं पाणी साफ होतं?" साहेब असे बघायला लागले, जसं काही तिनं त्यांच्या वडिलांना शिवी दिली. "माझा जन्म गेला बुळबुळ घासण्यात."

"तुमच्या टाक्यांत मासे नव्हते, बाबा."

"असते तर तेही स्वच्छ राहिले असते."

ती हसली. तिला हसताना बघून साहेबही हसले. घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं, म्हणून मीही हसले. एवढं झालं तरी साहेबांचे हात काही थांबले नाहीत. उपसलेलं हिरवं पाणी फुकट घालवू नका, झाडांना चांगलं असतं म्हणून लेकीनं हट्ट धरला, तेव्हा त्यांनी नाक मुरडत भिंतीकडेच्या दोन पिंपांत ते भरून ठेवलं. एवढीच काय ती त्यांनी तिची ऐकलेली गोष्ट.

त्यात मंडळींची पाळी आमच्याकडे आली. केंद्रातली निवृत्त माणसं वर्षातून एकदा एकेकाच्या घरी जमतात. त्यांची एक रीत आहे, बाहेरच्याला वेड्याची वाटेल अशी. आल्या आल्या यजमानानं प्रत्येकाच्या हातात घरच्या नळाचं पाणी द्यायचं. सगळ्यांनी पेले उजेडाकडे धरायचे, चव घ्यायची आणि पाण्यावर बोलायचं: क्लोरीन अंमळ जास्त आहे, पाईप जुना दिसतो, टाकी कधी धुतली होती. ते झाल्याशिवाय खुर्चीवर कुणी बसत नाही. अशा लोकांना साहेब ते तळं कसे दाखवणार? आणि न दाखवून कसं चालणार? बैठकीच्या खोलीतून ते समोरच दिसायचं.

मला वेगळीच काळजी लागली होती. मंडळींत प्रयोगशाळेतल्या बाई होत्या. त्या आमच्या लेकीच्या लग्नाला आल्या होत्या, तिला लहानपणापासून ओळखत होत्या, आणि त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही. आयुष्य पाण्यात काय काय आहे ते बघण्यात गेलेलं.

आदल्या दिवशी साहेबांनी शेवटचा घाव घातला. लेक कामावर गेली होती. त्यांनी मासे टबात काढले, तळं कोरडं केलं, कोपरान् कोपरा घासला. स्पंज मात्र कितीही पिळला तरी हिरवंच पाणी सोडत होता, म्हणून त्यांनी तो ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजत घातला, जसे केंद्रात हौद धुवायचे तसा. मग पिळून, धुऊन परत बसवला. नळाचं पाणी भरलं, त्यातलं क्लोरीन मारायचं औषध होतं तेवढं सगळं ओतलं आणि मासे परत सोडले. संध्याकाळी लेक आली तेव्हा तळाचा दगड न् दगड दिसत होता. मासे एवढे सुंदर आहेत हे मला तेव्हा कळलं. ती काठाशी उकिडवी बसली, पाण्यात हात घातला, वास घेतला.

"स्पंज कशानं धुतला, बाबा?"

"स्वच्छ धुतलाय," साहेब म्हणाले आणि आत निघून गेले.

ती आणखी काही विचारणार होती. पण त्याच वेळी मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं, कारण मला माझं बोलायचं होतं. मी ओट्याकडे तोंड करून भांडी पुसत बोलले. तिच्याकडे बघून बोलायचा धीर झाला नाही. म्हटलं, "उद्या मंडळी येतायत. दुपारभर तू कुठे... म्हणजे तुझी मैत्रीण वगैरे कुणी... त्या बाई उगाच चौकशा करतील, तुलाच त्रास."

"मलाच ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "वाचनालयात जाऊन बसते. किती वाजता येऊ परत?"

"मी फोन करीन," मी म्हटलं. एवढी मोठी, कमावती बाई, आणि मी तिला पाहुणे गेल्यावर घरात यायचं सांगत होते.

दुसऱ्या दिवशी ती जेवून लगेच निघाली. जाताना तिनं स्वतःच्या चपला कपाटात आत सरकवल्या, दोरीवरचा टॉवेल काढला, बेसिनवरचा ब्रशही उचलला. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. तिला सुचलं.

मंडळी आली. पंपावरचे दादा, मीटरवाले, प्रयोगशाळेतल्या बाई, कुणाकुणाची बायको, कुणाचा नवरा. पेले झाले, चव झाली, पाणी बरं आहे असं ठरलं. साहेब कधी नव्हे ते पुढे होऊन सगळ्यांना मागच्या अंगणात घेऊन गेले. तळं बघून दादांनी शीळ घातली. "साहेब, आपल्या केंद्रातही कधी एवढं नितळ नव्हतं!" साहेबांची छाती फुगली. बाईंनी मला विचारलं, "लेक कशी आहे?" मी म्हटलं, "मजेत आहे. तिकडेच असते आता. जावईबापूंना बढती मिळाली ना." हे बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही.

तेवढ्यात मीटरवाल्यांची बायको म्हणाली, "हे मासे असे काय करतायत?"

मासे पाण्याच्या वर तोंडं काढून आ वासत होते. सगळेच. काळ्या ठिपक्यांचा मासा एका कुशीवर कलला, सरळ झाला, पुन्हा कलला. पाणी एवढं स्वच्छ होतं की एकेकाचे फडफडणारे कल्ले दिसत होते. साहेब गुडघ्यांवर बसले. फिल्टरमधून पाणी पडत होतं तिथे त्यांनी ओंजळ धरली आणि नाकाशी नेली. त्या माणसाला सगळं आयुष्य तो वास आवडत आला होता. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"क्लोरीन," ते म्हणाले. "स्पंजातून सुटतंय. माझ्याच हातानं." मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाले, "तिला बोलाव. तिचे आहेत ते. मला हात लावायचा धीर होत नाही, तिला बोलाव आधी."

दादा बाह्या सरसावत होते. बाईंनी पर्स खाली टाकली होती. "पंप बंद करा. टब कुठे आहे? औषध आहे का आणखी?" जन्मभर पाणी हाताळलेली एवढी माणसं तळ्याभोवती उभी होती, सगळी मदत करायला तयार. आणि मी काय केलं? मी हसले. मी म्हटलं, "अहो, काही नाही, दुपारच्या उन्हात मासे असेच वर येतात. साहेब बघतील. तुम्ही चला बरं आत, चहा निवतोय." दादांच्या दंडाला धरून मी त्यांना वळवलं. बाई हलेनात, तर त्यांची पर्स मीच उचलून घेतली. सगळ्यांना बैठकीत बसवलं, ऊन येतंय म्हणून पडदा ओढला. उन्हाची तिरीपही त्या खिडकीत येत नव्हती.

मग स्वयंपाकघरात जाऊन लेकीला फोन लावला. "मासे कसेतरी करतायत. लगेच ये," मी म्हटलं, आणि आवाज खाली आणून पुढे म्हटलं, "मागच्या गल्लीतून ये."

ती धावत आली असणार, कारण मी चहा कपांत ओतायच्या आत मागचं फाटक वाजलं. खिडकीतून मला दिसत होतं. साहेब तसेच गुडघ्यांवर बसून होते. पंप तेवढा त्यांनी बंद केला होता, पुढे काही सुचलं नव्हतं. आजीबाई पोट वर करून तरंगत होती. लेकीनं तिच्याकडे एकदाच बघितलं. मग चपलांसकट तळ्यात उतरली, एकेक मासा दोन्ही हातांनी खालून उचलत भिंतीकडेच्या पिंपांत सोडायला लागली, त्याच जुन्या हिरव्या पाण्यात. साहेबांना तिनं हाक मारून पिंपावरचं झाकण धरायला लावलं. ते धरून उभे राहिले. चहा देताना मी एकाच माणसापुढे दोनदा कप धरला आणि कुणीतरी म्हणालं, "वहिनी, दगदग झाली तुम्हाला."

प्रयोगशाळेतल्या बाई एका जागी किती वेळ बसणार! कप ठेवून त्या उठल्या आणि सरळ मागच्या दारातून बाहेर गेल्या. मी मागून धावले, पण उशीर झाला होता.

"अगं, तू?" बाई म्हणाल्या. "तू इथे? आणि आई तर म्हणाली..."

लेक गुडघ्यापर्यंत भिजलेली, कोपरापर्यंत हिरवी. तिनं बाईंकडे बघितलं, मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे. मला वाटलं, आता सांगून टाकेल. सांग म्हणावं, असंही वाटलं, देवाशपथ वाटलं. पण मी मान हलवली. अगदी थोडीशी, नाही अशी.

"मावशी!" लेक हसली. "आईला ठाऊकच नाही. चार दिवसांची रजा काढून आत्ताच आले, मागच्या दारानं येऊन हिला चकित करणार होते. तर इथे हे असं! हे पण यायचे होते, पण बढती झाल्यापासून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि तिकडची हवा मानवत नाही ना त्यांना, सारखी सर्दी."

सगळं माझंच होतं. हवा माझी, सर्दी माझी, बढती माझी. एक शब्दही तिला चुकला नाही. खिडकीतून रोज सगळं ऐकलं होतं तिनं, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. तिच्या हातात तेव्हा मेलेली आजीबाई होती. बाई कौतुकानं माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नशीबवान आहात हो." साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांची नजर चुकवून, टॉवेल आणते म्हणून आत गेले.

पाहुणे गेल्यावर आम्ही तिघं मागच्या पायरीवर बसलो. आजीबाईला साहेबांनी झाडाखाली पुरलं. बाकीचे मासे पिंपांत हलत होते, जगतील असं लेक म्हणाली. साहेब म्हणाले, "चुकलं माझं." त्यांच्या तोंडून हे शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकले. लेक म्हणाली, "असू दे, बाबा." मग तेवढ्याच सहज आवाजात म्हणाली, "आई, मी खोली बघितलीय. ऑफिसच्या जवळ. मासे इथेच राहू देत, त्यांना पुन्हा हलवायला नको."

जाऊ नकोस, एवढंच मला म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. आणि तोंडातून काय निघालं?

"त्या भागात आपल्या ओळखीचं कुणी राहत नाही ना?"

साहेब उठून आत गेले. लेक माझ्या पाठीवर ओलाच हात ठेवून म्हणाली, "नाही गं. कुणी नाही."

ती गेली. खरंच गेली, तिच्या त्याच बॅगा घेऊन. फोन करते, माशांची चौकशी करते, साहेबांशी पूर्वीपेक्षा जास्त बोलते. मी फोन घेतला की आम्ही हवापाण्याचं बोलतो.

तळ्याला साहेबांनी त्यानंतर हात लावला नाही. नवा स्पंज आणला, तळ्यातलं क्लोरीन उडून गेल्यावर पिंपांतल्या पाण्यासकट मासे परत सोडले, वर बांबूची चटई टाकून सावली केली आणि खुर्ची टाकून बसले. पाणी हिरवं होतं, आणखी हिरवं झालं. त्यांचे हात शिवशिवायचे, मग ते हातांवर बसायचे, अगदी शब्दशः. आणि एके दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. पाणी निवळलं होतं. तळाशी शेवाळाची मऊ साय होती, दगड बुळबुळीत दिसत होते, आणि त्यांच्यावरून सगळे मासे सावकाश फिरत होते. "तिला सांग," साहेब म्हणाले. "तू सांग. मी नाही सांगणार."

फोन आणायला मी वळले, तर कुंपणापलीकडे वहिनी कपडे घेऊन उभ्या.

"बऱ्याच दिवसांत लेक दिसली नाही," त्या म्हणाल्या. "जावयांकडे गेली वाटतं?"

हो म्हटलं असतं की संपलं असतं. सगळ्या थापा एका शब्दात जागच्या जागी बसल्या असत्या, पुन्हा कुणी कधी काही विचारलं नसतं. मी कुंपणाची तार धरली.

"नाही," मी म्हटलं. "तिनं नवरा सोडलाय. केव्हाच. एवढे दिवस इथे होती ती त्यासाठीच होती. मी तुम्हाला सांगितलं ते सगळं खोटं होतं. हवा, घड्याळ, बढती, सगळं. मला लाज वाटत होती म्हणून मी तिला लपवली, आणि आता ती खोली घेऊन राहायला गेली."

वहिनींनी तोंडातला चिमटा काढला. त्या दचकल्या नाहीत. चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं नीट जुळवली.

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "आली त्याच आठवड्यात तिनं मला सांगितलं होतं. इथेच, या कुंपणापाशी. म्हणाली, काकू, मी कायमची आलेय. आई तुम्हाला वेगळं काहीतरी सांगेल, तुम्हाला माहीत आहे असं तिला कळू देऊ नका. तिला फार अवघड जातंय."

मी विचारलं, "मग तुम्ही रोज का विचारायचात, जावई काय म्हणतात म्हणून?"

"तिनंच सांगितलं होतं विचारायला," वहिनी म्हणाल्या. "म्हणाली, आईला बोलून बरं वाटतं."